बायनाबाईची समई

मी छिन्नी बोलतेय. लिहून घेणारा भागवत सातवीतच शाळेतून निघाला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द साधे वाटले, तर माफ करा. राग मात्र माझा आहे, तो नीट वाचा.

जिंतूरच्या लोहाराने जुन्या कानशीतून मला घडवलं. भागवतच्या वडिलांच्या, आश्रुबांच्या हातात मी तीस वर्षं होते. लग्नातल्या घागरी, पराती, तांबे, सगळ्यांवर नावं कोरली. आता भांड्यांच्या दुकानांत मशीन घरघरतं, मुंग्यांच्या रांगेसारखे ठिपके पाडतं, आणि लोक त्यालाच कोरणं म्हणतात! खोल अक्षर हवं असलेलेच तेवढे भागवतकडे येतात.

तशी परवा बायनाबाई आली. दोन हंगाम कापूस वेचून तिने महादेवासाठी पितळी समई घेतली होती. सोबत मुलगा व्यंकट.

"माझं नाव घाल बाबा. लय खोल घाल. घासून घासून बी जाऊ नये."

ती जरा टेकली, तसा व्यंकटने मोबाइल भागवतच्या तोंडापुढे धरला. त्यावर लिहिलेलं, 'श्री. व्यंकटराव यांजकडून अर्पण.'

"हे घाल," तो पुटपुटला. "तिला कुठं वाचता येतंय?"

माणसांची ही खोड मी जन्मभर पाहिली. भांडं घेते बाई, घासते बाई, नाव पुरुषाचं! पण हातोडी डोक्यावर बसत असताना छिन्नीला कोण विचारतं? भागवत लाजाळू. 'नाही' हा शब्द त्याच्या घशातच अडकतो. मी कोरत गेले.

बायनाबाईने अक्षरांवरून बोट फिरवलं. "ह्येच का रं माझं नाव? येवढं लांब! सरपंचीणच झाले की मी!"

"हो, मावशी," भागवत म्हणाला.

त्या 'हो'ची मला लाज वाटली. चोरी व्यंकटची, हत्यार मी, आणि साक्ष भागवतची! वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना असंच फसवायचं असेल, तर काय कामाची ती अक्षरं? भांड्यांवर नावं घालून घेणाऱ्यांनो, ज्याचं भांडं त्याचंच नाव सांगत जा. मला पुन्हा असल्या कामाला लावू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागवतने दुकान मांडलं नाही. मला खिशात घालून, हातोडी हातात घेऊन तो महादेवाच्या देवळात गेला. बायनाबाई समई घेऊन आलीच होती. शेजारी व्यंकट, इस्त्रीच्या शर्टात. भागवतचे कान लाल झाले, पण चारचौघांत तो बोलला.

"मावशी, काल मी खोटं बोललो. हे नाव तुमचं न्हाई."

बायनाबाईने लेकाकडे पाहिलं. मग समई आडवी करून फरशीवर ठेवली.

"बस हितं. कोर."

"माय, लोक बघायलेत," व्यंकट म्हणाला.

"बघू दे."

भागवत मांडी घालून बसला आणि त्याने हातोडी उचलली.