एका अक्षराचं उत्तर

टण्णकन ऑपरेटरबाईंच्या जेवणाच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं, आणि एवढ्या मोठ्या खोलीत तेवढाच आवाज घुमला. भर दुपारी वीज गेली होती. मोठ्या संगणकाचे पंखेही थांबले होते.

मित्रांनो, मी एक जुना टर्मिनल आहे. काचेचा पडदा आणि खाली बटणं. या हॉस्पिटलच्या मोठ्या संगणकाशी बोलायचं तर पूर्वी माझ्यातूनच. तेव्हा मला रोज पुसत असत. मग नवा पडदा आला आणि मी कोपऱ्यात गेलो. कुणीतरी माझ्यावर चहा सांडला. तेव्हापासून माझं डब्ल्यूचं बटण अडकतं.

वीज आली, पण नवा पडदा जळाला होता. संगणक जागा होताना एक प्रश्न विचारतो. विचारायला कुणी सापडेना, म्हणून त्याने मला हुडकून काढलं. माझ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटली: छपाईच्या रांगेतले रिपोर्ट ठेवायचे तर डब्ल्यू, पुसायचे तर सी. एकच अक्षर. दोन मिनिटांत नीट उत्तर नाही मिळालं, तर तो सगळं पुसूनच सुरू होतो.

आणि त्या रांगेत एका बाळाच्या रक्ताचा रिपोर्ट होता. त्याच्यावाचून वरच्या मजल्यावर ऑपरेशन अडलं होतं.

ऑपरेटरबाई माझ्याकडे धावल्या. शाळेला सुट्टी, म्हणून त्यांची लेकही आज इथेच होती. फोन खणखणला.

"बाई, रिपोर्ट कुठंय?"

"देते हो सिस्टर, जरा दम धरा!"

त्यांनी डब्ल्यू दाबला. काही नाही. "अरे राजा, आज नको रे हट्ट करूस," असं पुटपुटत त्यांनी केसातली पिन काढली, बटणाची टोपी उचकटली आणि आतला दांडा दाबला. मी सगळा जीव एकवटला. उमटलं!

बोट एंटरवर गेलं आणि थांबलं. इथली जुनी शिस्त अशी, की पाठवण्याआधी उत्तर दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं. दुसरं होतं कोण?

"पिल्ला, काय लिहिलंय गं? वाच पटकन!"

"डब्ल्यू... डब्ल्यू. आई, दोन आहेत!"

"अगं बाई!"

एक पुसला. एंटर. नऊ सेकंद उरले होते.

प्रिंटर खरखरला. रिपोर्ट घेऊन शिपाईकाका जिन्याकडे पळाले. बाई मटकन खुर्चीत बसल्या आणि रुमालाने माझी काच पुसू लागल्या. मित्रांनो, कोपऱ्यातल्या वस्तूंवरून असा अधूनमधून हात फिरवा. काम कधी येईल, ते आम्हालाही ठाऊक नसतं.

लेक त्यांना बिलगली.

"आई, ते बाळ आता बरं होईल ना गं?"