पूर्वेकडे वळलेलं पाणी

ताईचा धंदा लोकांच्या शिडाच्या बोटी एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पोचवायचा. मालक विमानाने जायचे, ताई बोट घेऊन समुद्रातून. तिची धाकटी बहीण त्याच समुद्राचा अभ्यास करायची, पण संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, खुर्चीत बसून. धक्क्यावर नुसतं उभं राहिलं तरी तिच्या पोटात ढवळायचं. ताई त्यावरून तिची मनसोक्त टर उडवायची.

या खेपेला महासागराच्या मधोमध ताईला वादळाने गाठलं. डोलकाठी मोडली, इंजिनात पाणी शिरलं. तिचा शेवटचा निरोप तुटक होता: बोट निम्मी भरली आहे पण तरंगते आहे, मी आणि माझा सोबती ठीक आहोत. मग रेडिओ बंद पडला.

शोध लगेच सुरू झाला. विमानं पश्चिमेकडे पाठवली गेली, आणि नकाशा बघता ते चूक नव्हतं. त्या महासागराचं पाणी एका अवाढव्य चक्रात फिरतं. विषुववृत्ताच्या बाजूचे वारे त्याला पश्चिमेला रेटतात. तिथल्या किनाऱ्यावर अडलं की ते अरुंद आणि वेगवान होऊन ध्रुवाच्या दिशेने धावत सुटतं, पुढे मोकळ्या समुद्रात शिरून पूर्वेला जातं आणि पलीकडच्या किनाऱ्याने रमतगमत पुन्हा खाली येतं. ताईची बोट या चक्राच्या खालच्या अंगाला होती. वारा पश्चिमेला, मोठा प्रवाह पश्चिमेला, तेव्हा बोटही पश्चिमेलाच जाणार.

पण विमानं रिकाम्या हाताने परतत राहिली. धाकटी संगणकाच्या पडद्यासमोर बसून होती. तिच्या संस्थेने त्या भागात तरंगते बोये सोडले होते; आपण कुठे आहोत ते ते उपग्रहामार्फत कळवत राहायचे. प्रत्येक बोयाखाली कापडाची लांब पिशवी खोल लोंबते, म्हणून तो वाऱ्याच्या नादाला न लागता पाण्याबरोबर जातो. ताई होती त्याच्या आसपासचे दोन बोये चक्क पूर्वेला निघाले होते. एकच पश्चिमेला पळत होता, आणि त्याची पिशवी तुटल्याची नोंद आधीच आलेली होती. चक्राच्या पोटात असे अरुंद उलटे प्रवाह असतात हे तिला ठाऊक होतं. पाण्याने भरून खाली बसलेल्या, डोलकाठी नसलेल्या बोटीला वारा धरणार तरी कुठे? ती पिशवीवाल्या बोयासारखी वागणार.

तिने शोधकेंद्रात फोन लावला. तिथला अधिकारी थकलेला होता, तरी त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नकाशे मागवले, उलटसुलट प्रश्न केले. मग म्हणाला, "बाई, तुमची सख्खी बहीण आहे म्हणून विचारतो. हे तुमचं मन सांगतंय की पाणी?"

"पाणी," ती म्हणाली. "मन काहीच सांगत नाहीये. ते केव्हाच गळाठलंय."

त्याने अडचण लपवली नाही. एवढ्या लांब जायला विमान एकच होतं. ते पूर्वेला वळवायचं तर आज पश्चिमेला कुणी जाणार नव्हतं. घरच्यांशी बोलून घ्या, असं त्याने सुचवलं.

ताईचे यजमान, भाऊजी, आईजवळ बसून होते. धाकटी फोनवर त्यांना प्रवाह समजावून सांगू लागली, तसं त्यांनी तिला थांबवलं.

"मला समुद्र नको शिकवूस. खात्री आहे का, तेवढं सांग."

"पूर्ण नाही, भाऊजी. मधे भोवरे आहेत, त्यांनी कुठे फिरवलं असेल सांगता येत नाही. पण पश्चिमेला ती नाही, असं मला वाटतं."

मग ते म्हणाले, "पूर्ण आहे म्हणाली असतीस तर मी घाबरलो असतो. वळवायला सांग विमान."

विमान वळलं. त्यानंतर तिला करण्यासारखं काही उरलंच नाही. ती जिना उतरून आवारात गेली, पुन्हा वर आली. कुणीतरी समोर चहा ठेवला, त्यावर साय धरली. आपण बहिणीला स्वतःच्या हाताने मारलं तर नाही ना, हा विचार ती झटकत होती आणि तो पुन्हा येऊन बसत होता. आईने फोन करून, तू जेवलीस का, एवढंच विचारलं. ती हो म्हणाली. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

दुपार कलताना अधिकाऱ्याचा फोन आला. तिने आखलेल्या चौकोनात बोट नव्हती. पण तो बोलतच होता. चौकोनाच्या दक्षिणेला, एका भोवऱ्याच्या कडेला, वैमानिकाला नारिंगी कापड दिसलं होतं. दोन माणसं ते हलवत होती.

तिने फोन टेबलावर ठेवला आणि तोंड ओंजळीत झाकून घेतलं. खोलीतल्या सगळ्यांना वाटलं, संपलं. मग तिचे खांदे हसण्याने हलताना त्यांनी पाहिले.

जवळच्या मालवाहू जहाजाने दोघांना उचलून घेतलं. संध्याकाळी जहाजावरून ताईचा फोन आला तेव्हा धाकटी घरी पोचली होती. ताईचा घसा पार बसला होता. "अगं, आम्ही रोज पश्चिमेकडे डोळे लावून बसलो होतो," ती म्हणाली, "आणि विमान आलं ते पाठीमागून. माझा सोबती एवढा दचकला की पाण्यातच पडणार होता."

आईने फोन हिसकावून घेतला आणि आधी पोटभर रागावून घेतलं. मग अंगावर कोरडे कपडे आहेत का, पायाला जखम नाही ना, हे दोन-दोनदा विचारलं. भाऊजींची पाळी आली. ते नुसता फोन कानाला लावून उभे राहिले, आणि पलीकडून ताई त्यांना काय काय सांगत राहिली. धाकटीने स्वयंपाकघरात जाऊन सकाळचा थंड भात तसाच उभ्याने खाल्ला, पातेलं रिकामं होईपर्यंत.