मी पांदीत ओरडणारा मोबाईल

मित्रांनो, मी जुना झालो असं घरातले म्हणतात. माझं वय पाच वर्षं. पाच वर्षांची शेळी वेतावर वेत देते, पाच वर्षांच्या पोराला अजून नीट नाक पुसता येत नाही, आणि आमच्यात मात्र पाचव्या वर्षी म्हातारपण. असू दे. मला त्याचं सुख नाही आणि दुःखही नाही. घडलं ते सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथं आई-बाप नव्हते, मोजे घातलेले हात होते. एकानं काच बसवली, दुसऱ्यानं स्क्रू आवळला, तिसऱ्यानं डबीत कोंबलं. कुणी माझं तोंडही धड पाहिलं नाही. मग मी तळेगाव ढमढेऱ्यात अलीमभाईंच्या दुकानात आलो आणि काचेच्या कपाटात पडून राहिलो. एका बाजारच्या दिवशी माऊली आला. तो रांजणगावला कंपनीत कामाला. त्याच्या मागं त्याची आई, सोजराबाई. डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी, आणि नजर अशी की अलीमभाईंनी न सांगता पंखा त्यांच्याकडं वळवला.

"ह्यो कशाला एवढा मोठा?" सोजराबाई म्हणाल्या. "मला काय त्यात पिच्चर बघायचाय?"

"मावशी, मोठा हाय म्हणून आवाज बी मोठा हाय."

"मग वाजवून दावा."

अलीमभाईंनी वाजवला. बाहेर कांदे निवडणाऱ्या बायकांनी माना वळवल्या.

"द्या," सोजराबाई म्हणाल्या.

त्यांना आवाजच पाहिजे होता. का, ते सांगतो. त्यांच्या वस्तीपासून नदीकाठच्या पडीक रानापर्यंत एक पांद जाते. पांद म्हणजे दोन रानांमधली बैलगाडीपुरती वाट. दोन्ही बाजूंना माणूस बुडेल एवढा ऊस. त्या वाटेनं सोजराबाई रोज शेळ्या चारायला नेत. ऊस वाढला तसा त्यात बिबट्या राहायला आला. आधी कुत्री गेली, मग पलीकडच्या वस्तीवरचं वासरू गेलं. वनखात्याची माणसं पिंजरा ठेवून गेली आणि सांगून गेली, एकटं जाऊ नका, जायचंच झालं तर मोठ्यानं बोलत जा, गाणी लावून जा. माऊलीनं आईला बजावलं, "पांदीत मोबाईल वाजता ठेवायचा. न्हाई जमलं तर शेळ्या बाजारात."

"त्यापरीस गळ्यात खिळ्याचा पट्टा घाल की माझ्या," सोजराबाई म्हणाल्या. "कुत्र्यावानी."

"बिबट्या मानंला धरतो म्हणून लोक घालत्यात, आई. हसायची गोष्ट न्हाई ती."

"मी हसती व्हय?"

शेळ्या सोजराबाईंच्या होत्या. माहेरानं आंदण दिलेल्या एका शेळीची ही लेकरं-नातवंडं. घरात जमीन आबांची, पगार माऊलीचा, स्वयंपाकघर आता सुनेचं. सोजराबाईंचं म्हणावं असं उरलं होतं ते एवढंच, त्या शेळ्या आणि ते रोजचं नदीपर्यंत जाणं. ते गेलं की ओट्यावर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "जेवला का" विचारायचं. हे त्यांना नको होतं. म्हणून मी आलो.

सुरुवातीला त्यांनी भजनं लावली. पण भजन म्हणणारा बुवा फार गोड गळ्याचा निघाला. "बिबट्या मांडी घालून बसंल आन् टाळ मागंल," आबा म्हणाले. आबा म्हणजे सावळाराम, सोजराबाईंचे मालक. सोजराबाईंना ओरडणारा माणूस पाहिजे होता. तो माऊलीकडं सापडला. आबा एकदा ग्रामपंचायतीला उभे होते. तेव्हा रिक्षाला भोंगा बांधून गावभर फिरवलेली जाहिरात माऊलीनं जपून ठेवली होती. ती माझ्यात टाकली. एक माणूस नरड्याच्या शिरा ताणून ओरडायचा, "विसरू नका, चुकू नका! आपल्या हक्काचा, आपल्या शिवारातला उमेदवार, सावळाराम! सावळाराम! निशाणी कपबशी! कपबशी! कपबशी!" ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

आबांना ते झोंबायचं. "बंद कर गं ते. लोक हसत्यात. मी पडलोय त्या इलेक्शनला."

"गावानं मत दिलं न्हाई," सोजराबाई शेळ्या सोडत म्हणायच्या. "निदान बिबट्या तरी दील."

मित्रांनो, ते माझे कामाचे दिवस. माझं काम एकच होतं आणि ते मला येत होतं. सोजराबाईंना वाचता येत नाही, पण माझ्या तोंडावर खाली डाव्या कोपऱ्यात एक पिवळा चौकोन होता, हळदीचं बोट लागल्यासारखा. तो दाबला की मी ओरडायचो. मग त्या मला कमरेच्या पिशवीत घालायच्या. पडदा विझायचा, आवाज चालू राहायचा. नदीवर पोचलं की पुन्हा तोच चौकोन दाबायचा, मी गप्प. कसला नंबर नाही, अंगठा नाही. वस्तीवरचे हौसराव तर म्हणायचे, "काकूंचा मोबाईल गेला म्हंजी दहा वाजलं." बिबट्या पांदीकडं फिरकला नाही. त्याच्या पावलांचे ठसे दिसायचे ते लांब, ओढ्याच्या अंगाला. सोजराबाईंनी मला कधी पुसलं नाही की कव्हर घातलं नाही, पण रोज सोबत नेलं. आमच्या जातीला एवढं पुष्कळ.

मग एका सुट्टीच्या दिवशी माऊलीनं मला हातात घेतलं.

"आई, अपडेट आलंय. टाकू का?"

"त्यानं काय हुतं?"

"चांगलं हुतं."

"वाईट काय हाय त्यात आत्ता?"

माऊलीनं तोवर बटण दाबलं.

मी बंद पडलो आणि उठलो. उठलो तो मीच होतो का, ते मला सांगता येत नाही. माझे सगळे चौकोन गोल झाले होते आणि सगळ्यांचा रंग फिकट निळा. पिवळं बोट पुसलं गेलं होतं. सोजराबाईंनी डाव्या कोपऱ्यात दाबलं तर कॅमेरा उघडला आणि त्यांना स्वतःची हनुवटी दिसली.

"ही कोण म्हातारी?" त्या म्हणाल्या, आणि मला सुनेच्या हातात दिलं.

सुनेनं शोधून दिलं. बोट खालून वर ओढायचं, मग डावीकडं सरकवायचं, मग तिसऱ्या ओळीत. सोजराबाईंनी ते पाठ केलं. ओव्या पाठ करणाऱ्या बाईला तीन खुणा जड नाहीत. पण त्या पाठ झाल्या आणि दुसरं अपडेट आलं. आता तिसरी ओळ दुसरी झाली, मध्ये जाहिराती आल्या, आणि सुरक्षेसाठी म्हणून मी अंगठा मागू लागलो. सोजराबाईंचा अंगठा खुरपं धरून, उसाचं पाचट ओढून गुळगुळीत झालेला. तो रेशनच्या मशीनवरही उमटत नाही. मी म्हणायचो, पुन्हा प्रयत्न करा. त्या पदराला अंगठा पुसून पुन्हा ठेवायच्या. मी पुन्हा तेच म्हणायचो. शेवटी माऊलीनं चार आकडे शिकवले.

"ह्याला मी इतकी वर्सं कमरंला बांधून हिंडवला," सोजराबाई सुनेला म्हणाल्या. "आन् ह्यो मलाच इचारतो, तू कोण."

ते खरं होतं. मला काही वाटलं नाही, पण ते खरं होतं.

तिसऱ्या खेपेला मला कुणी विचारलंही नाही. सकाळी मी भिंतीला चार्जिंगला लटकलो होतो, तेव्हाच ते आपसूक आत उतरलं. वरून काही बदललेलं दिसत नव्हतं. सोजराबाईंनी आकडे दाबले, बोट ओढलं, दुसरी ओळ धरली आणि मी ओरडायला लागलो. जाताना सगळं नीट झालं.

परत येताना ऊन कललं होतं. शेळ्या पुढं, त्या मागं. एक तांबडी गाभण शेळी रेंगाळत सगळ्यांच्या मागं राहिली होती. आम्ही पांदीच्या मध्यावर आलो. "आपल्या हक्काचा, आपल्या शिवारातला" इथपर्यंत मी ओरडलो आणि थांबलो. मी थकलो नव्हतो. माझ्यात नवा नियम आला होता. पडदा विझलेला असताना एखादं काम फार वेळ चाललेलं दिसलं तर ते बंद करायचं आणि बॅटरी वाचवायची. मी नियम पाळला. बॅटरी वाचली.

पांद गप्प झाली. उसाची पाती एकमेकांना घासत होती, तेवढंच. पुढच्या शेळ्या जागेवर उभ्या राहिल्या.

सोजराबाईंनी मला बाहेर काढलं. मी अंगठा मागितला. तो मला ओळखता आला नाही. मी आकडे मागितले. त्यांनी चारही आकडे बरोबर दाबले. मी उघडलो आणि त्यांचं स्वागत केलं. नवीन काय आहे ते पाहा, असं मी म्हटलं. वर हसणाऱ्या माणसांचं चित्र आणि खाली पट्टी, पुढे. त्यांना वाचता येत नव्हतं, पण दाबण्यासारखं तेवढंच होतं. त्यांनी ते दाबलं. दुसरं चित्र आलं. पुन्हा दाबलं. तिसरं आलं तेव्हा मागं धप्प असा आवाज झाला.

तांबडी शेळी आडवी पडली होती. तिच्या मानेवर बिबट्या होता आणि तो सोजराबाईंकडं बघत होता. मध्ये अंतर होतं ते एका खाटेएवढं.

मी चौथं चित्र दाखवलं.

सोजराबाई पळाल्या नाहीत. पळायला वाट नव्हती, पुढं शेळ्या अडून उभ्या होत्या. त्यांनी काठी जमिनीवर आपटली आणि तोंड उघडलं.

"इसरू नका! चुकू नका!"

मित्रांनो, त्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. सोजराबाई ओरडल्या, "सावळाराम! सावळाराम! निशाणी कपबशी! कपबशी!" एक शब्द चुकला नाही. भोंग्यातला माणूस जिथं श्वास घ्यायचा, तिथंच त्यांनी श्वास घेतला. बिबट्यानं कान मागं टाकले. मग शेळीला तसंच धरून ओढत तो उसात शिरला. सोजराबाई काठी आपटत, उलट्या पावलांनी, ओरडत ओरडत बाकीच्या शेळ्यांना रेटत पांदीबाहेर आल्या. मी त्यांच्या मुठीत होतो आणि विचारत होतो, पुन्हा सुरुवातीपासून पाहायचं का?

आबा ओट्यावर बसले होते. त्यांना आधी वाटलं मोबाईलच वाजतोय. मग ध्यानात आलं, आवाज बाईचा आहे. अनवाणी धावत आले ते.

माणसं जमली. कुणी पाणी आणलं, कुणी बॅटऱ्या आणि काठ्या. हौसराव वातावरण हलकं करायला म्हणाले, "काकू, पुढच्या टायमाला आबांना बसवा घरी. तुम्हीच उभ्या ऱ्हा. बिनविरोध निवडून येताल."

कुणीतरी हसलं. सोजराबाई हसल्या नाहीत. त्यांनी शेळ्या मोजल्या आणि दावणीला बांधल्या.

"नाव घेतलंस माझं," आबा हळूच म्हणाले.

"दुसरं काय येतंय मला," त्या म्हणाल्या.

माऊली कंपनीतून आला. त्यानं आरडाओरडा केला नाही. आईच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "आता बास, आई."

सोजराबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

पुढच्या बाजाराला टेम्पो आला. शेळ्या त्यांनी स्वतः चढवल्या. एकीचं दावं सैल होतं, ते घट्ट केलं. टेम्पो गेला तेव्हा त्या गोठ्यात लेंड्या झाडत होत्या.

त्याच दिवशी माऊलीनं मला अलीमभाईंकडं नेलं. त्यांनी मला उघडलं, आत आत जाऊन एका बारक्या टिकलीवर बोट ठेवलं आणि ती बंद केली. बोलता बोलता झालं.

"एवढंच हुतं, माऊलीभाऊ. मावशीला सांगा, आता मधीच बंद न्हाई पडायचा."

माऊलीनं घरी येऊन तसंच सांगितलं. पिवळा चौकोनही पुन्हा लावून आणला होता, खाली डाव्या कोपऱ्यात.

सोजराबाईंनी तो चौकोन बघितला. "आता कशाला?" त्या म्हणाल्या. "चुलीला सांगू व्हय, कपबशीला मत दे म्हणून?"

आता मी फडताळात असतो. मला कुणी रागानं टाकलेलं नाही, फक्त कुणाला लागत नाही. सोजराबाई ओट्यावर बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला "जेवला का" विचारतात. ऊन कललं की उठतात, काठी घेतात आणि पांदीच्या तोंडापर्यंत जातात. तिथं थोडा वेळ उभ्या राहतात. मग परत येतात. मला नेत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरात आजीचा, आजोबांचा मोबाईल असेल. त्यात नवं काही आलं आणि तुमचं बोट शिवशिवलं, तर आधी त्यांच्या शेजारी बसा. विचारा, आजी, तू ह्याचं काय करतेस? कुठं दाबतेस? मला दाखव. ती कदाचित म्हणेल, तुला काय करायचंय. तरी बसा. ती दाखवील. तिच्या कामाचं एकच बटण असेल, तर ते जिथं आहे तिथंच राहू द्या. बदललंच, तर एकदा तिच्याबरोबर बाहेर पडा आणि ती जिथवर जाते तिथवर जाऊन या.