आदल्या दिवशी लिहिलेला निकाल

त्या पत्राला चिटणीसांनी उत्तर दिलं नव्हतं. पाच वर्षं झाली होती. पत्र कुठे गहाळ झालं असतं तर एक वेळ ते सुटले असते, पण त्यांच्या घरात हाताने लिहिलेला कागद गहाळ होत नसे. सामानाची यादीसुद्धा ते चार-चार महिने जपून ठेवत आणि त्यापायी बायकोची बोलणी खात. रेघांच्या वहीतून फाडलेली ती दोन पानं त्यांनी फुटबॉल लीगच्या नियमावलीत, शिस्तीच्या प्रकरणात ठेवली होती. नियमावली त्यांनीच लिहिलेली. तिथे दुसरं कुणी हात घालणार नाही याची त्यांना खात्री होती. आपणहून ती वाचायला घेणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं बायको म्हणे.

पत्र भिंतीचं होतं. भिंत म्हणजे एक गोलकीपर. त्याच्या अंगापिंडावरून प्रेक्षकांनी त्याला हे नाव दिलं होतं आणि खेळणं सुटलं तरी नाव सुटलं नव्हतं, जसं लीगच्या कचेरीतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी चिटणीसांना सगळे चिटणीसच म्हणत. पत्रातली चार वाक्यं त्यांना पाठ होती.

‘साहेब, मी बोललो ते तुम्ही लिहून घेत होतात. तुमचं काही सुटू नये म्हणून मी तुमच्या हाताकडे बघत हळू बोलत होतो. मग निकालात तसं का आलं? मला भांडायचं नाही, फक्त ते पान मिळालं तर बरं होईल.’

दुसऱ्या वाक्यापाशी आलं की चिटणीस पत्राची घडी घालत. गेली पाच वर्षं हे असंच चाललं होतं.

प्रकरण नऊ वर्षांपूर्वीचं. मोसम सुरू व्हायला चार दिवस राहिले होते. मैदानाच्या फाटकावर रखवालदाराने भिंतीची बॅग उघडली, तर आत हातमोजे, गुडघ्याच्या पट्ट्या आणि टॉवेलात गुंडाळलेलं भरलेलं पिस्तूल. रखवालदाराचे हात एवढे कापायला लागले की बॅग भिंतीलाच धरावी लागली. पोलीस आले, गुन्हा दाखल झाला, जामीनही झाला. कोर्टात ते चालायचं तेव्हा चालणार होतं, पण लीगला तेवढा दम नव्हता. त्याला कारण होतं. आदल्या मोसमात लीगच्या लाडक्या स्ट्रायकरने स्वतःच्या वाढदिवसाला गच्चीवरून हवेत दोन गोळ्या झाडल्या होत्या, आणि तेव्हा शिस्त समितीने ‘प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने वाट पाहावी’ असा गुळमुळीत ठराव केला होता. तो ठरावही चिटणीसांच्याच हातचा. लोकांनी समितीला यथेच्छ शिव्या घातल्या. तेव्हा या खेपेला शिस्त लावलेली दिसली पाहिजे, असं अध्यक्षांनी फोनवर सांगितलं. स्ट्रायकर वीस-वीस गोल करत होता. भिंत बत्तिसाव्या वर्षाला टेकली होती.

समितीची कामाची एक रीत होती. सुनावणी दुपारी दोनला असे आणि चारला पत्रकार येत. दोन तासांत चर्चा, लिहिणं, टाइप करणं, सह्या हे सगळं जमणं शक्य नव्हतं. म्हणून चिटणीस निकाल आदल्या दिवशीच लिहून ठेवत आणि शिक्षेच्या जागी फक्त टिंबं सोडत. सुनावणीत काही वेगळं निघालं तर मजकूर बदलायचा, असं ठरलेलं होतं. अकरा वर्षांत तो बदलायची वेळ आली नव्हती. कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं. चिटणीस सांगून ठेवतात तसा निकाल लागतो, असं म्हणून समितीतले लोक चहा पिता पिता हसत.

तर त्या आदल्या दिवशी चिटणीस टेबलाशी बसले आणि त्यांनी लिहिलं, ‘खेळाडूने माफी मागितली नाही.’ वाक्य त्यांना सपक वाटलं. त्यांनी ते खोडलं, पेन्सिल दाताखाली धरून थोडं थांबले आणि मग लिहिलं, ‘खेळाडूच्या बोलण्यात वा मुद्रेवर पश्चात्तापाची छटाही समितीस आढळली नाही.’ ज्याची मुद्रा, तो माणूस अजून त्यांच्यासमोर आलाही नव्हता. पण ‘छटाही’ हा शब्द काय चपखल बसला होता! त्यांनी ते वाक्य तीनदा वाचलं आणि त्या खुशीत आणखी एक चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या त्या अरुंद खोलीत भिंत येऊन बसली. खुर्ची लहान पडत होती म्हणून गुडघे टेबलाला लागत होते. तो सावकाश, एकेक वाक्य तोडत बोलला. पिस्तूल भावाचं होतं. त्या सकाळी भावाने ते स्वतःच्या कानशिलाला लावलं होतं. वहिनी ओरडली, याने ते हिसकावलं आणि समोर दिसलेल्या बॅगेत टाकलं. सराव संपला की चौकीत नेऊन द्यायचं, असा विचार केला. चूक झाली. जिथे पोरं खेळतात, तिथे न्यायला नको होतं. हे चूक झाल्याचं तो तीनदा बोलला. शेवटी त्याने विचारलं, त्या रखवालदाराचं नाव काय, त्याची माफी मागायची आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. चिटणीसांनी मात्र सगळं आपल्या वहीत टिपून घेतलं, एक शब्द सुटला नाही.

भिंत बाहेर गेल्यावर अध्यक्षांनी टिंबांच्या जागी ‘दोन मोसम’ असं लिहायला सांगितलं. चिटणीस अर्धवट उठून म्हणाले, “साहेब, ते एक वाक्य जरा...”

“कुठलं? ते छटावालं?” अध्यक्ष म्हणाले. “अहो, सगळ्या निकालात तेच तर झकास आहे.”

चिटणीस खाली बसले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. समितीतल्या लोकांना वाटलं, भिडस्त माणूस, अध्यक्षांपुढे शब्द जिभेवर येऊन परत गेला. बायकोलाही त्यांनी नंतर तसंच सांगितलं. पण त्या पाळ्या कौतुकाने लाल झाल्या होत्या, आणि हे एकट्या त्यांनाच माहीत होतं.

ते वाक्य सगळ्या वर्तमानपत्रांत चौकटीत छापून आलं.

दीड वर्षाने कोर्टाने भिंतीला सोडलं. वहिनीने साक्ष दिली, डॉक्टरांनी दिली. बंदीबद्दल भिंतीची तक्रार तेव्हाही नव्हती. मैदानात पिस्तूल आणलं म्हणजे शिक्षा व्हायलाच हवी, असं तो उघड म्हणत होता. पण बंदी संपेपर्यंत पाय जड झाले होते. मग त्याने गोलकीपरना शिकवण्यासाठी लीगचा परवाना मागितला. परवाना समितीने जुना निकाल काढला, ते वाक्य वाचलं आणि पश्चात्ताप नसलेल्या माणसाच्या हाती मुलं देता येत नाहीत, म्हणून नकार कळवला. त्यानंतर चिटणीसांना ते पत्र आलं. उत्तर गेलं नाही. पुढे दुसऱ्यांदाही नकारच मिळाला. तीन नकारांनंतर पुन्हा अर्ज करता येत नाही, असा एक नियम होता आणि तोही चिटणीसांनीच लिहिलेला.

सोमवारी सकाळी फोन वाजला. त्यांच्या जागी आलेली नवी चिटणीस बोलत होती. मुलगी शोभेल अशा वयाची, बोलायला मऊ. गुरुवारी परवाना समितीपुढे भिंतीचा तिसरा अर्ज आहे, म्हणाली. फाइलमध्ये नुसता निकाल आहे, सुनावणीत काय बोलणं झालं त्याचा चिटोराही नाही. सरांकडे तेव्हाची टिपणं असतील का?

चिटणीस म्हणाले, “आठवत नाही मला.”

ती बरं म्हणाली, त्रास दिल्याबद्दल माफ करा म्हणाली आणि फोन ठेवला. माफीचा तो शब्द चिटणीसांना टोचला.

बायको समोर बसून शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. “आपल्या लग्नात माझ्या मामांनी कुठल्या रंगाचा शर्ट घातला होता ते तुम्हाला आठवतं,” ती म्हणाली. “आणि तुम्हाला न आठवणारं असं काय निघालं आज?”

चिटणीसांनी टाळायचा प्रयत्न करून पाहिला. मग ते उठले, नियमावलीतून पत्र काढलं, कपाटाच्या खालच्या खणातून ती जुनी वही काढली आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. समोरच्या इमारतीत कुणीतरी गादी झटकत होतं. मागे पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.

“तो हळू बोलत होता,” बायको शेवटी म्हणाली. “तुमचं काही सुटू नये म्हणून.”

“हो.”

“मग तुम्ही का नाही खोडलंत? अध्यक्षांना घाबरलात?”

नऊ वर्षं हेच उत्तर त्यांच्या उपयोगी पडलं होतं. आताही हो म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता. किंबहुना तिने ते उत्तर त्यांच्या हातात ठेवलंच होतं.

“नाही,” ते म्हणाले. “वाक्य चांगलं जमलं होतं.”

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. तिने शेंगांचं ताट उचललं आणि ती स्वयंपाकघरात गेली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना हट्टी म्हटलं होतं, घाबरट म्हटलं होतं, पुस्तकी किडा तर रोजच म्हणायची. आज तिने काहीच म्हटलं नव्हतं आणि तेच चिटणीसांना सोसवत नव्हतं.

त्यांनी नव्या चिटणीसबाईंना फोन लावला.

“मी मघाशी खोटं बोललो,” ते म्हणाले. “टिपणं माझ्याकडे आहेत. त्याने माफी मागितली होती. आणि निकाल मी आदल्या दिवशी लिहिला होता.”

मग तिने हळूच विचारलं, “सर, हे लेखी द्याल? म्हणजे, त्यात अध्यक्षांचंही नाव येईल. ते आता नाहीत.”

“वाक्य त्यांचं नव्हतं. माझं नाव घाला.”

ठेवायच्या आधी त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली. त्या वर्षी फाटकावर कोण रखवालदार होता, हजेरीपुस्तकात सापडेल का? तासाभराने तिचा फोन आला. माणूस निवृत्त झाला होता, पण नाव-पत्ता होता.

मग चिटणीस भिंतीला उत्तर लिहायला बसले. आयुष्यभर लिहिण्याचंच काम केलेल्या माणसाला चार ओळी लिहायला दुपार पुरली नाही. त्यांनी शरमेच्या ओझ्याबद्दल लिहिलं, काळाच्या पडद्याबद्दल लिहिलं, शब्दांच्या मोहाबद्दल तर एक अख्खा परिच्छेद लिहिला आणि तो वाचताना त्यांना स्वतःलाच भरून आलं. कागद त्यांनी बायकोला दाखवला. तिने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

“यात तुम्ही अजून छान दिसताय,” ती म्हणाली.

त्यांनी कागद परत घेतला. कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या होत्या, पण या वेळी कौतुक कुठेच नव्हतं. छान दिसणारी एकेक ओळ त्यांनी खोडली. उरलं ते असं होतं:

‘तुम्ही माफी मागितली होती, तीनदा. मी ती लिहून घेतली होती. ते पान सोबत आहे. निकाल मी तुम्हाला बघण्याआधी, आदल्या दिवशी लिहिला होता. तुम्ही बोलल्यावर ते वाक्य खोडायला हवं होतं. मला ते आवडलं होतं म्हणून राहू दिलं. तुमच्या पत्राला पाच वर्षं उत्तर दिलं नाही, त्यालाही दुसरं कारण नाही. पानाची प्रत आणि हे सगळं लेखी परवाना समितीकडे देत आहे. गुरुवारी त्यांनी बोलावलं तर येऊन तोंडीही सांगेन. तुम्ही विचारलेलं रखवालदाराचं नाव आणि पत्ता खाली आहे.’

बायकोने ते वाचलं आणि पाकीट शोधून दिलं.

मंगळवारी सकाळी त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात वहीच्या त्या पानाची झेरॉक्स काढली. ती प्रत आणि सही केलेला जबाब लीगच्या कचेरीत नेऊन दिला. तिथे जिन्याशेजारी अध्यक्षांचा फोटो होता. त्याच्याकडे न बघता ते बाहेर पडले. पोस्टात बाकावर बसून त्यांनी वही उघडली आणि मूळ पान फाडलं. वहीचं पान फाडायची ही त्यांची आयुष्यातली पहिलीच वेळ, त्यामुळे ते वाकडं फाटलं आणि एका कोपऱ्यातला ‘चूक’ हा शब्द जेमतेम बचावला.

रांगेत त्यांच्यापुढे दोघं होते. तेवढ्या वेळात त्यांना दोनदा वाटलं की उद्या टाकावं, एकदा पुन्हा वाचून. त्यांचा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनाला लावलं, उलटसुलट केलं.

“आजोबा, पाठवणाऱ्याचं नाव राहिलंय.”

चिटणीसांनी पाकिटाकडे पाहिलं. समोरचा पत्ता सुबक अक्षरात, पिन कोडसकट लिहिलेला होता. मागची बाजू कोरी होती. ती आपण विसरलो की मुद्दाम सोडली, हे त्यांना सांगता आलं नसतं.

“उद्या पोचेल का?” त्यांनी विचारलं.

“आज दिलंत तर उद्या. नाव घाला आधी.”

मागे रांग चुळबुळत होती. चिटणीसांनी खिडकीला दोरीने बांधलेलं पेन घेतलं आणि आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली घरचा पत्ता लिहिला, म्हणजे कुणाला येऊन काही बोलायचं असलं तर घर सापडावं. बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.