कोऱ्या सूर्याचं वादळ

आमच्या संचालकांना सूर्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती: अकरा वर्षांच्या फेऱ्यात डाग वाढतात आणि मग कमी होतात. तेवढ्या विद्येवर आणि सासऱ्यांच्या ओळखीवर त्यांनी वेधशाळेची खुर्ची पटकावली होती.

त्या वर्षी चक्र उताराला लागून सूर्य अगदी कोरा झाला होता. "सूर्य झोपलाय," असं साहेब येईल त्याला सांगत, जणू अंगाई त्यांनीच म्हटली होती.

उपग्रहाची चित्रं तपासणाऱ्या आमच्या बाई एका सोमवारी चित्र आणि टिपण घेऊन त्यांच्याकडे गेल्या. सूर्याच्या प्रभामंडळात, म्हणजे बाहेरच्या तापलेल्या वायूच्या थरात, मधोमध मोठं काळं विवर पसरलं होतं.

"यातून जोराचा वारा सुटतो, साहेब. गुरुवारपर्यंत आपल्याकडे पोचेल आणि पृथ्वीचं चुंबकत्व डळमळेल. जमिनीखालची खनिजं शोधायला नेमकं तेच चुंबकत्व मोजणारं सर्वेक्षणाचं विमान त्या दिवशी उडणार आहे; सगळे आकडे चुकतील. त्यांना थांबवायला हवं."

"डाग किती?"

"एकही नाही."

"मग वादळ कसलं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"डागांचा आड वेगळा, विवरांचा वेगळा. डाग कमी होतात तेव्हाच ही विवरं जास्त छळतात."

साहेबांनी चित्र उलटं धरून पाहिलं आणि टिपणावर हिरव्या शाईने 'अनावश्यक' असा शेरा मारला.

गुरुवारी विमान उडालं. तीन दिवसांची मोजणी मातीत गेली. सर्वेक्षणप्रमुख तडक आमच्याकडे आले.

"बाईंनी कळवायला हवं होतं," साहेब म्हणाले. "मी एकटा कुठं कुठं बघू?"

बाईंनी कपाटातून टिपण काढून प्रमुखांपुढे ठेवलं. त्यांनी तारीख वाचली, शेरा वाचला.

"अक्षर तुमचंच ना?"

साहेबांना तेवढ्यात एक महत्त्वाचा फोन आठवला. ते बाहेर गेले ते जेवणानंतरच उगवले.

सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे सत्तावीस दिवसांनी तेच विवर पुन्हा समोर येणार होतं. बाईंनी तसं सांगताच साहेबांनी वर्तमानपत्रात स्वतःच्या फोटोसकट बातमी छापून आणली: 'वेधशाळेच्या संचालकांना सापडलं नवं विवर'. लाज म्हणून काही असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं.

सर्वेक्षणप्रमुखांनी बातमीची वाट पाहिली नव्हती. त्यांनी आधीच थेट बाईंना फोन केला होता, आणि विवर पुन्हा समोर आलं त्या आठवड्यात विमान जमिनीवरच राहिलं.