एक पूर्तता राहिलीय

सभांना परवानगी देणाऱ्या त्या कार्यालयाने अठरा वर्षांत एकही अर्ज नाकारला नव्हता. नाकारलं की माणूस तो कागद घेऊन कोर्टात जातो. त्रुटी काढली की बिचारा झेरॉक्सच्या दुकानात जातो. ही अक्कल साहेबांची, आणि त्रुटी काढण्यात कारकुनाचा हात धरणारं कुणी नव्हतं. कधी नकाशात झाड दाखवलेलं नसे, कधी फोटोत कान दिसत नसे. वर बसायला खुर्ची, प्यायला पाणी आणि शिसारी यावी इतकं गोड बोलणं.

चौथ्यांदा अर्ज घेऊन आली ती कारकुनाची सख्खी थोरली बहीण. नदीच्या पाण्याबद्दल पत्रकं वाटली म्हणून तिच्या मुलाला साध्या कपड्यांतले लोक दीड महिन्यापूर्वी घरातून घेऊन गेले होते. पोलीस म्हणत, आमच्याकडे नाही. ताब्यातल्यांची यादी मात्र दर सोमवारी कारकुनाच्या टेबलावर येई, आणि भाच्याचं नाव त्याने सहा वेळा वाचलं होतं. तोंडातून ब्र काढला नव्हता.

ताईला फक्त चौकात तासभर मुलाचा फोटो घेऊन बसायचं होतं.

"ताई, तुझं काम ते माझं काम," तो म्हणाला. "एकच पूर्तता राहिलीय."

"अरे, सरळ नाही म्हणून लिहून दे की! मी कोर्टात जाते."

"नाही कसं म्हणू? आपण कुणालाच नाही म्हणत नाही."

साहेब केबिनच्या दारातून कौतुकाने बघत होते. कारकुनाला चेव चढला. त्याने लिहिलं, 'ज्याच्यासाठी सभा आहे त्याचे संमतिपत्र जोडावे. सदर व्यक्ती ताब्यात असल्याने स्वाक्षरी कोठडीच्या अधिकाऱ्यामार्फत घ्यावी.' खाली सही, शिक्का. आईने पोटच्या पोराची संमती आणायची, तीही त्याला लपवून ठेवणाऱ्यांकडून! लिहिताना या माणसाला काही वाटलं नाही. उलट वाक्य काय झकास जमलं म्हणून तो स्वतःवरच खूश झाला.

ताईने कागद दोनदा वाचला, पिशवीत घातला आणि न भांडता निघून गेली.

दुपारी साहेबांनी कार्यालयाची प्रत पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, तो आपल्या ताब्यात आहे हे सरकारने अजून कुठेच कबूल केलेलं नाही. तुम्ही शिक्का मारून लिहून दिलंत!" मग पुन्हा आवाजात साखर आली. "घरचंच माणूस आहे. जाऊन कागद परत घेऊन या."

आणि कारकून ताईच्या घरी गेला. लाज कोळून प्यायलेल्याला कुठलं दार जड जातं?

"कागद वकिलाकडे पोचला," ताई दारातच म्हणाली. मग तिने त्याचा हात घट्ट धरला. "तुला ठाऊक आहे ना? जिवंत आहे ना रे तो?"

कारकुनाने घसा साफ केला.

"ताई, त्यावरची माझी सही नीट वाचता येते का गं?"