कारण : गाणे ऐकायचे आहे

मित्रांनो, मी शिक्का आहे. गोल, रबराचा, अक्रोडाच्या लाकडाच्या मुठीचा, आणि वयाने तिशी ओलांडलेला. तुम्ही म्हणाल, याला कसले आले आहे आयुष्य? शाईत बुडायचे आणि कागदावर आपटायचे. मलाही पूर्वी तसेच वाटे. पण गेल्या जुलैपासून माझे डोके असे तापले आहे की कोणाला तरी सांगितल्याशिवाय ते थंड होणार नाही.

माझा जन्म बिश्केकमधल्या एका तळघरातला. देश नुकताच नवा झाला होता. जुन्या देशाचे सगळे शिक्के पोत्यात भरून जाळले होते आणि नवे करून घ्यायला दुकानासमोर रांग लागली होती. मला कोरणारा माणूस फार बोलका होता. बोलता बोलता त्याने माझ्या कडेचे एक अक्षर उलटे कोरले. आजवर ते कोणाच्या लक्षात आलेले नाही. शिक्का कोणी वाचत नाही, मित्रांनो. तो आहे की नाही, एवढेच बघतात.

तिथून मी नारीन नदीच्या वरच्या अंगाला, आमच्या खोऱ्यातल्या कालवा खात्याच्या कचेरीत आलो. तेव्हाच्या साहेबांनी मला लोकरीच्या रुमालात गुंडाळून, कोटाच्या आतल्या खिशातून आणले. पहिला ठसा कोऱ्या कागदावर उमटवला आणि तो कागद भिंतीवर लावला. लोक मुलांना घेऊन बघायला येत. माझ्यावाचून कोणाच्या शेतात थेंबभर पाणी जात नसे. उन्हाळ्यात कोणत्या दिवशी कोणाची पाळी, याच्या याद्या मी पक्क्या करायचो. त्या चिनाराच्या बुंध्यांवर चिकटवल्या जात. शेतकरी आधी माझा गोल शोधायचा, मग आपले नाव. "शिक्का आहे ना? मग बटाटे वाचले," असे मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

ते दिवस गेले. आता पाण्याच्या याद्या फोनवर जातात. माझ्या वाट्याला उरले रजेचे अर्ज. आणि त्यांनीच मला वैताग आणला.

आमच्या खात्यात हक्काची रजा हिवाळ्यात मिळते, कालवा गोठल्यावर. उन्हाळ्यात हवी असेल तर छापील अर्ज भरावा लागतो. त्यावर चार चौकोन आहेत : विवाह, जन्म, मृत्यू, घर बदलणे. यातल्या एकात खूण करायची, खाली साहेबांची सही, तिच्यावर मी. उन्हाळ्यात माणसाला हजार कामे निघतात, पण चौकोन चारच. मग माणसे काय करतात? मारतात. कागदावर, सोयीच्या नातेवाइकाला. ओरोझ ड्रायव्हरची आजी माझ्या ठशाखाली चार वेळा वारली आहे. दुसऱ्या खेपेला सगळी कचेरी रीतीप्रमाणे भेटायला गेली. पुरुष मंडळी रस्त्यापासूनच मोठ्याने रडत रडत दारापर्यंत पोचली, आणि दार आजीनेच उघडले. तिने सगळ्यांना चहा दिला आणि कोण गेले म्हणून विचारले. तेव्हापासून आमच्याकडे मयताला जाण्याआधी फोन करतात.

हे सगळे उरुमकान एजेच्या डोळ्यांसमोर चालते. ती आमची जुनी कारकून. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे तिला एजे म्हणतात, मोठी बहीण. मला सांभाळणे तिच्याकडे. शाई सुकलेली असली की ती माझ्यावर 'हा' करून गरम श्वास सोडते आणि मग दाबते. बाई मनाने फार चांगली. पण चांगल्या मनानेही कधी कधी काय होते, ते पुढे कळेल.

आता एसेनकुलबद्दल सांगतो. तो आमचा पाटकरी. वय अठ्ठावन्न. वरच्या कालव्याची दारे उघडणे, बंद करणे, पाळीवरून भांडणाऱ्यांना वेगळे करणे, हे त्याने तीस वर्षे केले, आणि त्याच्या नावावर एकही डाग नाही. एप्रिलमध्ये त्याची बायको सालकिन गेली. त्या अर्जावरही मीच बसलो. तीन दिवसांची रजा, मृत्यूच्या चौकोनात खूण. तीस वर्षांत एवढा एकच अर्ज त्याने उन्हाळ्याच्या हंगामात दिला होता.

त्यानंतर तो काम संपले तरी कचेरीत बसून राहू लागला. घरी जायची घाई नसलेला माणूस लगेच ओळखू येतो. त्याच्या काळ्या कोटाचे बटण पांढऱ्या दोऱ्याने शिवलेले होते. एजेने दोनदा कोट मागितला, त्याने दिला नाही.

जुलैत, एका सोमवारी, त्याने दुसरा अर्ज आणला. शुक्रवार आणि शनिवार, दोन दिवस. मेदेरबेक साहेबांनी तो वाचला. साहेब वयाने चाळिशीचे, माणूस वाईट नाही, पण वरच्या तपासणीला फार भितात.

"एसेनकुल बाइके, हे काय लिहिलंय?" साहेब विचारू लागले. बाइके म्हणजे थोरला भाऊ. मोठ्या वयाच्या माणसाला आमच्याकडे साहेबही तसेच म्हणतात.

"गाणं ऐकायचंय, असं लिहिलंय. अक्षर लागत नाही का?"

"अक्षर लागतंय, अर्थ लागत नाही. इथे चार चौकोन छापलेत. तुम्ही पेनानं पाचवा काढलात."

"जागा होती, म्हणून काढला."

मग त्याने सांगितले. सालकिन शाळेत कोमूझ शिकवायची, तीन तारांचे आमचे वाद्य. तिच्या शेवटच्या वर्गातल्या सात मुली शनिवारी वरच्या कुरणावर, संगीताच्या मेळ्यात, तिने बांधलेली धून वाजवणार होत्या. शरद ऋतूत त्यांतल्या चौघी शिकायला शहरात जाणार. सातजणी मिळून ती धून पुन्हा वाजणार नव्हती.

"अहो, फोनमध्ये नाही का भरून घेतली कधी?" साहेब म्हणाले.

"ती घेऊ द्यायची नाही. म्हणायची, समोर बसून ऐक. मी म्हणायचो, ऐकू नंतर."

साहेबांनी पेन खाली ठेवले. "बाइके, मला कळतं. पण वर तपासणीला हा कागद गेला तर लोक हसतील. पिकं तहानलेली आणि पाटकरी गाण्याला! त्यापेक्षा कोणी गेलंय असं लिहा ना. मी आत्ता सही करतो." आणि बोलून झाल्यावर त्यांना आपण कोणाशी बोलतो आहोत ते आठवले. "म्हणजे... कागदावर."

"माझं यंदाचं झालंय, साहेब," एसेनकुल म्हणाला. "दुसरं लिहिणार नाही."

बाहेर ओरोझ ड्रायव्हर सिगारेट ओढत ऐकत होता. तो म्हणाला, "बाइके, बायकोचं वर्षाचं जेवण आत्ताच घालतोय म्हणा. त्याला नाही म्हणायची कोणाची छाती आहे?"

"म्हटलं, तर सगळी कचेरी जेवायला येईल. पहिला तू. मग कालवा कोण बघणार?"

"मी नाही येणार. मला आजीकडे जायचंय."

"कोणत्या? मेलेल्या की जिवंत?"

मित्रांनो, तेव्हा मीसुद्धा हसलो असतो, जर मला हसता आले असते. पण माझा संताप वाढत होता. इतकी वर्षे माझ्या पोटाखाली खोटी मरणे निमूट जात होती. त्यांना कोणी अडवले नाही. आणि आता एक खरे कारण टेबलावर आले, तर त्याला चौकोन नव्हता.

बुधवारी एसेनकुल पुन्हा आला. या वेळी त्याने सोबत पाळीची यादी आणली होती. तिच्या पाठीमागे चौदा शेतकऱ्यांच्या सह्या. दोन दिवस दारे आम्ही उघडू, आम्हीच लावू, पाण्यावरून भांडणार नाही, असे त्यांनी लिहून दिले होते. त्यांतले दोघे असे होते की त्यांनी गेल्या वर्षी पाण्यावरून एकमेकांची फावडी मोडली होती.

"हे तुम्ही कसं केलंत?" साहेब थक्क झाले.

"विचारलं."

"आणि ते तयार झाले?"

"त्यांच्याही पोरी तिच्याकडे शिकल्यात."

साहेबांनी यादी उलटसुलट पाहिली. "पाण्याचं सुटलं, बाइके. पण कारणाचं काय?"

"कारण तेच आहे."

"तेच तर चालत नाही ना!" साहेबांनी अर्ज त्याच्याकडे सरकवला.

आणि मग आला गुरुवार. त्या दिवशी माझ्याकडून जे झाले, त्याची मला आजही लाज वाटते.

दुपारी साहेब बाहेर गेल्यावर एजेने लोखंडी कपाटातून एक जुना अर्ज काढला. एप्रिलचा. एका कोऱ्या अर्जावर तिने तो जसाच्या तसा उतरवला. तारीख मात्र आजची घातली. माझ्यावर श्वास सोडला आणि दाबले. मी खाली गेलो. शिक्क्याला नाही म्हणता येत नाही. मग तिने एसेनकुलला बोलावले.

"घे. साहेबांची सही मी संध्याकाळी घेते, ते न वाचताच करतील. तू उद्या निघ."

एसेनकुलने कागद वाचला. पुन्हा वाचला.

"एजे, हे तर सालकिनचं आहे."

"होय रे बाळा. खोटं मरण लिहिणार नाही म्हणालास ना? हे खोटं नाही. तारीख तेवढी पुढे घेतली."

"आजची लिहिलीय."

"उद्यापासून रजा हवी, तर आजचीच घालावी लागते."

"म्हणजे ती आज सकाळी गेली."

एजेने कागदावरची तारीख पाहिली. तिला आता कळले होते.

"एकदा माती दिली, एजे," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "वरचेवर नाही देता येत."

एजेने डोक्याच्या रुमालाचे टोक तोंडावर धरले. एसेनकुलने कागदाचे चार तुकडे केले. टोपली पायाशीच होती, पण त्याने ते तिच्यात टाकले नाहीत. त्यांवर बायकोचे नाव होते. ते त्याने खिशात ठेवले.

तेवढ्यात साहेब आत आले. एजेला रडताना पाहून दारातच थांबले.

"साहेब, मी उद्या जातोय," एसेनकुल म्हणाला.

"अर्जाशिवाय?"

"अर्ज दोनदा दिला."

"मग मला लेखी ताकीद द्यावी लागेल. तीस वर्षांत पहिली. दोन वर्षांवर निवृत्ती आलीय तुमची, बाइके, कशाला?"

"द्या," तो म्हणाला, आणि टोपी उचलून गेला.

शुक्रवारी आणि शनिवारी तो आला नाही. साहेब दिवसातून तीनदा वरच्या दारांवर गाडी घेऊन गेले. पाणी वेळेवर सुटत होते. दोघे फावडीवाले एकाच दगडावर बसून भाकरी खात होते. साहेब परत आले ते आणखी चिडून. काही बिघडले असते तर त्यांना बरे वाटले असते.

रविवारी पहाटे एसेनकुल दारांवर हजर झाला आणि सोमवारी कचेरीत.

"झालं ऐकून?" साहेबांनी विचारले.

"झालं."

"कसं झालं?"

"चुकल्या."

"कोण?"

"सगळ्या. सातही जणी, एकाच जागी." एसेनकुल खुर्चीवर बसला. "सालकिन तिथंच चुकायची. मधल्या उतारावर तिचं बोट उशिरा पडायचं. लहानपणी घोड्यावरून पडली होती, तेव्हापासून ते बोट नीट वाकत नव्हतं. मुलींची बोटं चांगली आहेत. पण त्यांना वाटलं, धून अशीच आहे."

एजेचे टंकलेखन थांबले.

"परीक्षकांनी गुण कापले," तो पुढे म्हणाला. "तिसरा नंबर आला. मुली रडत होत्या. मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ते सुधारलं असतं."

साहेबांनी पेनाचे टोपण लावले. मग चिडल्यासारखे म्हणाले, "आणि एवढ्यासाठी तुम्ही तीस वर्षांच्या नोकरीवर डाग लावून घेतलात?"

"डाग तुम्ही लावताय, साहेब. मी ऐकायला गेलो होतो."

ताकिदीचा कागद वेगळा असतो. त्यावर चौकोन नसतात. 'गैरहजेरीचे कारण' अशी एक मोकळी ओळ असते, आणि ती खरीच भरावी लागते. खोटे लिहिले तर ताकीद वरून रद्द होऊन येते. साहेबांनी पेन उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. शेवटी लिहिले : गाणे ऐकण्यास गेले. सही केली. मग एजेने मला दाबले.

मित्रांनो, रजेच्या कामाला लागल्यापासून मी खऱ्या मजकुरावर फार थोड्या वेळा बसलो आहे. हा त्यांतला एक, आणि तो शिक्षेचा कागद होता. याचा मला राग यावा की आनंद व्हावा, हे अजून ठरत नाही.

"एक प्रत मला मिळेल?" एसेनकुलने विचारले.

"ताकिदीची? ती कोण मागतं?"

"मी मागतोय."

"कशाला?"

एसेनकुलने कारणाच्या ओळीवर बोट ठेवले. साहेबांनी त्याच्याकडे पाहिले. मग कागद स्वतः यंत्राशी नेला, प्रत काढली आणि एजेपुढे ठेवली. "प्रतीलाही शिक्का लागतो, एजे," ते म्हणाले. मी दुसऱ्यांदा उमटलो. एसेनकुलने शाई वाळेपर्यंत कागद हातात आडवा धरला, मग घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवून कालव्यावर गेला.

माझे रबर आता कडक झाले आहे. कडेची अक्षरे झिजली आहेत. तुमच्या घरी, शाळेत एखादा शिक्का असेल तर काम झाल्यावर त्याला ओल्या फडक्याने पुसून ठेवत जा. शाई वाळली की अक्षरे बुजतात. आमच्याकडे कोणी पुसत नाही. आणि उद्या तुमच्यापैकी कोणाच्या हाती शिक्का आलाच, तर एवढे करा. कोणी खरे कारण घेऊन तुमच्यापुढे उभा राहिला, तर त्याला बरे कारण शोधायला परत पाठवू नका.